ग्रामदेवतेचे देऊळ: पाडून नवे बांधावे की दुरुस्त करून तेच ठेवावे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार करण्याचे घाटत आहे आणि त्याबाबत येथील जाणकारांचे मत हवे आहे. गाव राजापूर तालुक्यात खाडीच्या काठावर आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण विषय अजून गावकीच्या बैठकीपुढे आहे आणि त्याची बाहेर वाच्यता झाली म्हणून कोणी मानकरी दुखावू नये.

देवळाचा गाभारा जांभ्या चिऱ्यांचा असून मूळ बांधकाम चुन्यातले आहे. पुढचा सभामंडप पूर्ण लाकडी आहे. खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत, खांबांच्या माथ्यावर कोरीव हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे) आहेत, आणि मधल्या चौकावरच्या तक्तपोशीत (लाकडी छतात) कमळे व त्यांच्या भोवती वेलपट्टी कोरलेली आहे. एका तुळईवर पालखी खांद्यावर घेतलेल्या माणसांची रांग आहे. त्यातल्या शेवटच्या माणसाच्या हातात छत्री आहे आणि लहानपणी आम्हा सर्वांना तोच सर्वांत आवडायचा. वर पूर्वी नळे (नळीच्या आकाराची देशी कौले) होते, नंतर मंगलोरी कौले आली. काही कौलांवर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का अजून वाचता येतो.

आता दुखणे सांगतो. उत्तरेकडच्या दोन खांबांचे पाय कुजले आहेत. पागोळ्यांचे पाणी मंडपाच्या कट्ट्यावर येते आणि पावसाळ्यात निम्मा मंडप ओला असतो. पूर्वी कधीतरी गाभाऱ्याच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. तो दर पावसाळ्यात फुगतो आणि गणपतीनंतर पोपडे पडू लागतात. खांबांना ऑइलपेंटचे इतके थर बसले आहेत की कोरीव पाकळ्या बुजून गेल्या आहेत.

गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने आराखडा करून आणला आहे. त्यात काँक्रीटचा सभामंडप, त्यावर उंच शिखर, ग्रॅनाइटची फरशी आणि बाहेर कमान असे सर्व आहे. जुने लाकूड लिलावाने विकून ती रक्कम देणगीत धरायची, असेही त्यात लिहिले आहे. लाकडाची चौकशी करणारा एक व्यापारी गावात येऊनही गेला. जुन्या खांबांना बंगल्यांत आणि रिसॉर्टांत मागणी आहे, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे.

माझे मत दुरुस्तीच्या बाजूचे आहे, हे लपवत नाही. परंतु बैठकीत केवळ "जुने ते जपा" असे म्हणून भागणार नाही. लाकूड खरोखर वाचवता येते का, चुन्याचे काम आज कोण करते, कायद्याचा आधार कितपत मिळतो आणि इतर गावांनी काय केले, हे नेमके सांगता आले पाहिजे.

चाकरमानी बोरिवली

मी अशाच एका मंडळाचा पदाधिकारी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. धाग्यात ती थोडक्यात उरकली आहे असे वाटते.

शिमग्याला आणि देवीच्या जत्रेला आमच्या मंडपात जेवढी माणसे येतात, तेवढी मूळ मंडप बांधला तेव्हा गावात तरी होती का, याची शंका आहे. म्हातारी माणसे ओल्या कट्ट्यावरून घसरतात. वरून कौल पडून एखाद्याचे डोके फुटले, तर दोष मंडळाकडेच येणार. शिवाय देणगी मागताना एक व्यावहारिक गोष्ट असते. "नवे देऊळ बांधतो" म्हटले की माणूस खिशात हात घालतो. "वासे बदलतो" म्हटले की त्याच माणसाकडून जेमतेम कौलांपुरते पैसे सुटतात. देणगीदाराला आपले नाव कोरलेली फरशी दिसावी असे वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. गिरणीत राबून, चाळीत राहून ज्यांनी वर्गणी पाठवली त्यांना आपल्या गावचे देऊळ शेजारच्या गावापेक्षा उणे दिसू नये असे वाटणे साहजिक आहे.

आमच्याकडे देवीचा कौलही घेतला होता. उजवा कौल, म्हणजे देवीचा होकार, मिळाला, तेव्हाच काम सुरू केले.

तळखडा

मी जुन्या लाकडी आणि चिऱ्याच्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून कामापुरते लिहितो.

खांबाचा पाय कुजला म्हणजे खांब गेला, असे नसते. जुन्या सागाच्या किंवा फणसाच्या खांबाचा वरचा भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो, कारण पाणी खालून, तळखड्याशी साचून, लाकडाच्या उभ्या धाग्यांतून वर चढते. तपासायची पद्धत सोपी आहे. लाकडी मोगरीने खालून वर ठोकत जावे. भरीव आवाज कुठे सुरू होतो ते कळते. मग बारीक सळई टोचून पाहावी. ती जिथे आत जाण्याचे थांबते, तिथवर कुजका भाग समजावा. तुळईला खालून टेकू देऊन, भार काढून, तेवढाच भाग कापायचा आणि त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा नवा पाय तिरप्या सांध्याने बसवायचा. सांधा लोखंडी खिळ्यांनी ठोकू नये. समुद्राच्या हवेत खिळा गंजून फुगतो आणि लाकूड चिरतो. लाकडी खुंट्या वापराव्यात, आणि धातू अगदी लागलाच तर न गंजणारा घ्यावा. तळखडा थोडा उंच करून घेतला तर पुढचे दुखणे टळते.

ऑइलपेंट काढण्यासाठी कोणी गॅसची बत्ती घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, आणि घासायचे मशीनही कोरीव कामाला लावू देऊ नका. हे काम सावकाश, लाकडी पात्यांनी आणि रंग मऊ करणारे द्रावण लावूनच करायचे असते. रंग निघाल्यावर लाकूड श्वास घेईल असे तेल द्यावे. आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी चाल आहे आणि वाळवीला ते चांगले आवरते. मात्र ते काळे पडते आणि हाताला पोळते. म्हणून न दिसणाऱ्या वाशांना ते लावा, कोरीव खांबांना नको.

आता सिमेंटविषयी. जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढला तेव्हा तो मऊ असतो आणि उघड्यावर हवा लागून कठीण होतो, हे प्रत्येक चिरेखाणीवर माहीत असते. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतरच्या महिन्यांत ते सोडतो. चुन्याने भरलेल्या दरजा (चिऱ्यांमधले सांधे) आणि चुन्याचा गिलावा या येण्याजाण्याला वाट देतात. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो. मग पाणी आतल्या बाजूला अडते, त्यात विरघळलेले क्षार गिलाव्याच्या पाठीशी साचून स्फटिक धरतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. धागाकर्त्यांनी वर्णन केलेले फुगवटे त्याचेच आहेत. त्यावर पुन्हा सिमेंट लावणे म्हणजे दुखण्यावर झाकण घालणे होय. गिलावा हलक्या हाताने उतरवून भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यावी आणि मगच चुन्यात दरजा भराव्यात.

चुना हीच खरी अडचण आहे. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करत. त्या भट्ट्या आता फारशा उरल्या नाहीत. बाजारातला पिशवीबंद चुना भिंतीला रंग देण्यापुरता असतो. कळीचा चुना आणून, विझवून, पाण्याखाली मुरत ठेवून, मग वाळूबरोबर चांगला मळून घ्यावा लागतो. गूळ, बेलफळाचे पाणी, हिरड्याचे पाणी घालण्याच्या पद्धती जागोजागी वेगळ्या आहेत, आणि त्यांच्या नावावर पुष्कळ बढाया मारल्या जातात. माझ्या अनुभवात चुना किती मुरला आणि किती मळला यावर काम जास्त अवलंबून असते. काम मात्र दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याच्या आत उरकावे, आणि चुना लावल्यावर तो पटकन सुकू नये म्हणून त्यावर ओली पोती धरावीत.

बोरिवलीकरांच्या एका मुद्द्याला उत्तर देतो. गर्दीसाठी जागा हवी, हे खरे आहे. त्यासाठी मूळ मंडप पाडण्याची गरज नाही. देवळापासून अंतर सोडून, वेगळ्या पायावर, कौलारू आणि तिन्ही बाजूंनी उघडा असा जोडमंडप घालता येतो. पागोळ्या एकमेकींवर पडणार नाहीत एवढे बघावे लागते. देणगीदारांच्या नावाची फरशी त्या मंडपात लावा. तिथे ती शोभेलसुद्धा.

सुरंगी

सरकारने हे देऊळ संरक्षित म्हणून जाहीर केले, तर प्रश्न सुटणार नाही का? निधीही मिळेल.

कायद्याचा पदर

सुरंगीताई, तसे थेट होत नाही. शिवाय गावाला ते नेहमी सोयीचे असतेच असेही नाही.

केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा 1958 चा आहे आणि महाराष्ट्राचा 1960 चा. केंद्रीय कायद्यात स्मारकाचे वय किमान 100 वर्षे लागते. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात आणि मग निर्णय होतो. सागरी किल्ले, लेणी, काही मशिदी आणि मंदिरे अशी निवडक स्थळेच यात येतात. गावोगावची ग्रामदेवतांची देवळे या यादीत क्वचितच सापडतील.

केंद्राचे संरक्षण मिळाले, तर 2010 च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध होते आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. 100 मीटरांच्या आत जुने घर असेल, तर ते 16 जून 1992 पूर्वीचे किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेले असावे लागते. असे असेल तरच दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना साधा न्हाणीघराचा कोबा करायलाही कागद जमवावे लागतात, ते यामुळे. वारशाबद्दल लोकांच्या मनात अढी बसते ती किल्ल्यामुळे नव्हे, या कागदांमुळे बसते. 11 जुलै 2025 रोजी मराठा लष्करी स्थापत्य जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातल्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे पाच कोकणातले आहेत. त्याचा आनंद आहेच. पण त्या भोवतीच्या वस्त्यांशी बोलण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

आता तुमच्या प्रकरणात खरोखर उपयोगी पडेल असे सांगतो. लाकडाच्या लिलावाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 यात पुरावशेषाची व्याख्या करताना शिल्प, नाणी, कोरीव लेख यांच्याबरोबर इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी केलेली वस्तूही धरली आहे. अट एकच, की ती किमान 100 वर्षांची असावी. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमचे खांब तेवढे जुने असतील, तर त्या व्यापाऱ्याकडे परवाना आहे का, हे बैठकीत विचारा. आमच्या भागात एका देवळाच्या बाबतीत हा प्रश्न विचारल्यावर व्यापारी पुन्हा फिरकला नाही.

देवस्थानाची नोंद धर्मादाय कार्यालयात असेल, तर विश्वस्तांना सार्वजनिक न्यासांच्या 1950 च्या कायद्याखाली हिशेब द्यावा लागतो आणि स्थावर मालमत्ता विकताना कलम 36 नुसार पूर्वपरवानगी घ्यावी लागते. म्हणून न्यासाची नोंद काढा, मालमत्तेच्या यादीत देवळाचे वर्णन काय आहे ते पाहा. पुष्कळ ठिकाणी तिथे नुसते "देऊळ, कौलारू" एवढेच लिहिलेले असते. ते वर्णन नीट, मापांसह आणि छायाचित्रांसह लिहून घेता आले, तर पुढच्या विश्वस्तांनाही ते बांधून ठेवते.

ग्रामसभेच्या ठरावाला न्यासाच्या मालमत्तेवर थेट अधिकार नाही, तरी ठराव करून घ्यावा. कागदावर आलेली गोष्ट गावात सहज विसरली जात नाही.

सड्यावरची

आमचा भाग रत्नागिरी तालुक्यातला, कातळशिल्पांचा. देवळाहून प्रश्न थोडा वेगळा आहे, पण गावाने काय करावे या प्रश्नाला धरून लिहिते.

कोकणातील कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत, म्हणजे जागतिक वारशासाठी पुढे विचारात घ्यायच्या स्थळांच्या यादीत, गेली. उक्शी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातले आणि फणसामळ गोव्यातले. कशेळीच्या हत्तीची आकृती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे आणि त्या एका हत्तीच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती आहेत. हे सर्व सड्यावर (कातळाच्या माळावर), उघड्या जांभ्यावर कोरलेले आहे. त्याच जांभ्याचे चिरे काढतात, त्याच सड्यावर आंब्याची कलमे लावतात, आणि बहुतेक जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते.

तात्पुरत्या यादीत नाव गेले म्हणजे कोणी राखणदार नेमला, असा गैरसमज गावात पुष्कळ दिवस होता. प्रत्यक्षात शिल्प टिकते ते जमीनमालकाने ठरवले तर. उक्शीला गावाने हत्तीच्या शिल्पाभोवती चिऱ्यांचा गोलाकार कठडा बांधला. लोक कठड्यावरून पाहतात, शिल्पावर चालत नाहीत. मला त्यातले शहाणपण असे दिसते, की बांधकाम शिल्पाच्या बाहेर आहे आणि साधन गावाच्या परिचयाचे आहे. नाहीतर पुष्कळ ठिकाणी "विकास" म्हणजे शिल्पाला टेकून पेव्हर ब्लॉक.

मालकाशी बोलताना आम्हांला एक गोष्ट उपयोगी पडली. "तुमची जमीन सरकार घेईल" या भीतीला आधी उत्तर द्यावे लागते. ते न देता वारशाचे महत्त्व सांगत बसले, की माणूस मान डोलावतो आणि पुढच्याच आठवड्यात जेसीबी आणतो. आधी त्याचा सातबारा, मग आपला इतिहास, हा क्रम आम्ही पाळतो.

गुरवाघरची

हा धागा वाचताना सारखे वाटत होते, की एक गोष्ट कोणी लिहितच नाही. म्हणून लिहिते.

आमच्या घराकडे देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आहे. जुने देऊळ टिकले ते कोणी "वारसा" म्हणून जपल्याने नव्हे. दरवर्षी पावसाआधी त्याची शाकारणी होत असे म्हणून टिकले. वैशाखात वाडीवार पाळी लागे. एका वाडीने वर चढायचे, एका वाडीने कौले उतरवून धुऊन द्यायची, फुटकी बाजूला काढायची, वासे झाडायचे, वाळवीची घरे खरवडायची. मंडपात भात शिजे. गळती कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असे, कारण गेल्या वर्षी तिथे कोण चढला होता हेही ठाऊक असे. खांबाचा पाय ओला दिसला तर त्याच उन्हाळ्यात त्याची व्यवस्था लागे.

मग तरुण मुंबईला गेले. वाड्यांच्या पाळ्या मोडल्या. मजुरी देऊन कौले परतायची तर माणूस मिळेना. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे छपरे उडवली तेव्हा तिकडच्या आमच्या पाहुण्यांनी घरावर आणि देवळावरही पत्रे घातले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पाऊस डोक्यावर आला होता आणि कौले मिळत नव्हती. पण एकदा पत्रा आला की वर चढायचे कारण संपते आणि आत काय कुजते आहे ते कोणी पाहत नाही. वीस-पंचवीस वर्षे कोणी वर पाहिले नाही, की मग "जीर्णोद्धार" निघतो.

हेही लिहिले पाहिजे, की ती जुनी पाळी सर्वांना सारखी नव्हती. काही घरांकडे मान होता आणि काही घरांकडे नुसते काम होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवला त्यांना मंडपात कुठवर यायचे याच्या रेषा होत्या. आज त्या घरांतली मुले म्हणतात, की नव्या देवळात सर्वांना सारखे बसता येईल, म्हणून नवे बांधा. त्यांना तुळईवरच्या नक्षीचे कौतुक सांगून चालणार नाही. जुने लाकूड राखायचे असेल, तर त्या रेषा राखायच्या नाहीत, हे बैठकीत आधी स्पष्ट बोलले पाहिजे.

आणि बोरिवलीचे दादा, कौलाबद्दल. आमच्याकडेही कौल घेतला होता. देवीला विचारले होते, "तुझे देऊळ नीट करायचे आहे, मान्य आहे का?" उजवा कौल मिळाला. पाडायचे का, असे कोणी विचारलेच नव्हते.

चाकरमानी बोरिवली

गुरवाघरच्या ताईंनी शेवटी मारलेला टोला लागला, आणि योग्य जागी लागला. शाकारणीचा मुद्दाही पटतो. परंतु पाळी आता परत येणार नाही, हे मान्य करूनच पुढे बोलू या. मंडळाच्या घटनेत दरवर्षीच्या देखभालीसाठी वेगळा निधी ठेवण्याची तरतूद करता येईल. मुदत ठेवीच्या व्याजातून कौले परतणाऱ्या कारागिरांची मजुरी भागली, तर गावात राहणाऱ्या माणसांवर भार पडणार नाही. अट एवढीच, की उन्हाळ्यात कोणी वर चढले याचे छायाचित्र मंडळाला दरवर्षी यावे. नाहीतर ठेव तशीच राहते आणि गळतीही तशीच राहते.

विजयदुर्गकर

नोंदी करून ठेवण्याबद्दल वर लिहिले गेले, त्याला जोडून लिहितो. नोंद करताना ऐकीव गोष्ट आणि पुरावा वेगळे ठेवावेत.

आमच्या विजयदुर्ग किल्ल्याचे उदाहरण घ्या. किल्ल्यावरच्या "साहेबाच्या कट्ट्यां"वरून लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात हेलियम शोधला, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते, लिहिले जाते आणि त्या दिवशी कार्यक्रमही होतात. लॉकयर त्या ग्रहणाला भारतात आलाच नव्हता. त्याने सूर्याच्या कडेच्या वर्णपटातली, हेलियमची म्हणून पुढे ओळखली गेलेली पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गाला तो आला तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्ये पृथ्वीवर हेलियम मिळवलेलाही होता. 1898 ची खरी हकिकत काही कमी रंजक नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन आपल्या तटावर तळ देऊन राहिला होता, हे सांगायला खोट्या टेकूची गरज नाही.

देवळाबद्दलही "पांडवांनी एका रात्रीत बांधले" असे कोणी सांगेल. ते जरूर लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासह. फक्त ते बांधकामाच्या वर्षाच्या रकान्यात लिहू नका. आणि नोंदींची एक प्रत गावाबाहेर ठेवा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या 1864 पासूनच्या ग्रंथालयात 2005 आणि 2021 अशा दोन पुरांचे पाणी शिरले. खाडीकाठी राहणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

तळखडा

थोडे अवांतर, पण कामाचे. देवळाच्या पाठीमागे देवराई असेल, तर तिचाही विचार याच बैठकीत करा. पुष्कळ ठिकाणी नवे देऊळ बांधताना मालाच्या गाड्यांना वाट म्हणून राईतली झाडे जातात. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे देवाची राई म्हणून राखलेले मायरिस्टिकाचे (जायफळाच्या कुळातल्या झाडांचे) दलदलीतले जंगल 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. क्षेत्र अडीच हेक्टरांच्या आसपास, म्हणजे अगदी लहान, पण तशी झाडे महाराष्ट्रात इतरत्र जवळजवळ नाहीतच. ग्रामपंचायतीकडे लोक जैवविविधता नोंदवही असतेच. ती कपाटातून बाहेर काढून राईचे पान भरले आहे का, ते पाहा.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. बैठक शिमग्यात, पालखी सहाणेवर (ती ठेवण्याच्या चौथऱ्यावर) असताना, मुंबईकर मंडळी गावात असतील तेव्हाच घ्यायची असे ठरले आहे. येथील चर्चेतून मी पुढील गोष्टी मांडणार आहे.

पहिली मागणी अशी, की लिलावाचा मुद्दा आराखड्यातून काढावा आणि कोणतेही लाकूड देवळाबाहेर जाण्याआधी प्रत्येक खांबाला व तुळईला क्रमांक देऊन मापे व छायाचित्रे घ्यावीत. व्यापाऱ्याच्या परवान्याचा प्रश्न आमच्या एका ज्येष्ठ मानकऱ्यांनी आपण होऊन विचारायचे कबूल केले आहे, ते बरे झाले. तो माझ्या तोंडून गेला असता तर त्याला वेगळा वास आला असता.

त्यानंतर दोन कुजक्या खांबांचे पाय बदलण्याचे काम नमुना म्हणून आधी करून दाखवावे, असे सुचवणार आहे. खर्च त्या दोन खांबांपुरता, आणि काम गावासमोर. ते फसले तर नव्या मंडपाला विरोध करणार नाही, असे मी लिहून द्यायला तयार आहे. जोडमंडप कोठे घालता येईल, याची जागा काल मोजली. दक्षिणेकडे दीपमाळ आड येते, उत्तरेला उतार आहे, आणि पश्चिमेला विहिरीपर्यंत पुरेशी जागा दिसते. गाड्यांना वाट राईतून न काढता खाडीकडच्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) बाजूने मिळेल का, ते पाहायचे आहे.

देखभाल निधीचा मसुदा बोरिवलीकर दादांनी पाठवावा, अशी विनंती आहे. मंडपात कोणी कुठे बसायचे हा विषय गुरवाघरच्या ताईंनी उघड केला. तो मी बैठकीच्या विषयपत्रिकेत लेखी घालत आहे. त्यावर गावात नाराजी होईल याची कल्पना आहे.

एक माहिती अजून हवी आहे. देवगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर शिंपल्यांची चुनाभट्टी अजून कोठे पेटते का? किंवा निदान ती लावण्याचे काम हाताने केलेले कोणी कारागीर आहेत का? कोणाचे नाव-पत्ता येथे उघड न देता खासगी संदेशाने कळवावे. चुना मुरायला ठेवायचा तर आत्ताच हालचाल केली पाहिजे.